हवेची गाडी

गॅसची नळी गळते का बघायला सुनेनं साबणाचा फेस लावला आणि मला गारगोटीचं आमचं गॅरेज आठवलं.

एक म्हातारा आत पलंग बसवलेली जुनी गाडी घेऊन आला होता. पलंगावर त्याची बायको होती. दवाखान्यानं हात टेकले, म्हणून तो तिला आजऱ्याला घरी नेत होता. धक्के झेलायला तिच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे होते; मागच्या फुग्याची नळी चिरून गाडी खाली बसली होती. प्रत्येक खड्ड्याला बाई किंचाळतीय, म्हणाला.

आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गाडीखाली ठोकळे लावून नळी बदलली. मी आत बाईचा हात धरून बसले.

"घरात जीव जाऊ दे, एवढंच," ती म्हणाली.

मालक फेस लावून गळती बघत होते, तेवढ्यात तिचा हात सैल पडला.

"पावणं, बाई गेली," मी सांगितलं.

म्हातारा मालकांना म्हणाला, "हवा नीट भरा. तिला धक्का लागंल."

"आता कशाला?" मी बोलून गेले.

मालकांनी हवा भरली, पुन्हा फेस लावून बघितला, मगच गाडी सोडली.

मला तो माणूस खुळा वाटला होता.

गेल्या वर्षी मालकांना शववाहिकेतून घरी आणलं. त्यांचं डोकं फळीवर आपटत होतं. मी ते मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरवर ओरडले, "सावकाश की रं!"