नाकाच्या खणातले भिडस्त

ज्या मासिकात भिडस्त लिहायचे त्याचं कार्यालय म्हणजे एका बंद पडलेल्या औषधांच्या दुकानाची मागची खोली. संपादक पूर्वी त्या दुकानाचे मालक होते. मुलाने दुकान चालवायला घेतलं नाही, गिऱ्हाईक मोठ्या दुकानांकडे गेलं, पण भिंतभर पसरलेलं लाकडी खणांचं कपाट काही संपादकांना टाकवेना. मग त्यांनी मासिक काढलं. कपाट वाया जाऊ नये म्हणून मासिक काढणारा हा जगातला पहिलाच माणूस, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ती अगदीच चूक नव्हती.

प्रत्येक लेखकाला एक खण मिळाला. त्याचे लेख, त्याचा पत्ता, त्याचं काय काय ते सगळं त्यात. खणांवरची दुखण्यांची जुनी नावं मात्र संपादकांनी पुसली नाहीत. त्यामुळे लिफ्ट दुरुस्त करणारा एक कवी होता तो 'चक्कर' या खणात पडला. कारखान्यात पहारा करणारे एक गृहस्थ बागकामावर लिहायचे, ते 'जुलाबा'त होते आणि त्याबद्दल वर्षभर रुसून होते. पोहायला शिकवणाऱ्या एक बाई भुताच्या गोष्टी लिहायच्या, त्या 'कान'मध्ये. त्यांच्या शेजारचा खण 'नाक', आणि तो भिडस्तांचा.

पोटापाण्याचा धंदा एक आणि लिखाण भलतंच, अशी माणसं संपादकांना फार आवडत. "वकिलाने कायद्यावर लिहिलं तर ते वाचायचं कशाला? त्यापेक्षा फी देऊन विचारीन," ते म्हणत.

भिडस्त विनोदी लिहायचे. गळका नळ, मेहुणीचा मुक्काम, बायकोने लावलेली शिस्त, असले साधे विषय. पण वाचताना चहा नाकातून यायचा. माणूस मात्र नावाला जागणारा. दुकानदाराने फाटकी नोट दिली तरी 'असू दे' म्हणून खिशात घालणार. पन्नाशी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. कुठे काम करता असं कुणी विचारलं की म्हणायचे, "पालिकेत." पालिकेत कुठे? "नोंदणीत." यात खोटं काही नव्हतं. नरो वा कुंजरो वा, एवढंच. कारण नोंदणी खरी असली तरी ती स्मशानभूमीच्या कचेरीतली होती. आत विजेच्या भट्ट्या, बाहेर एक खिडकी, आणि खिडकीमागे भिडस्त. कुणाला किती वाजता आत न्यायचं ते सांगायचं आणि कागद करून द्यायचा, हे त्यांचं काम. बरीच वर्षं ते करत होते आणि चांगलं करत होते.

मग लपवायचं कशाला? त्याला कारण होतं. एकदा नात्यातल्या एका लग्नात जेवणाच्या टेबलावर भिडस्त रंगात आले होते. मेहुणीच्या मुक्कामाचा किस्सा त्यांनी असा काही सांगितला की समोरच्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता त्यांनी भिडस्तांचा हात धरला आणि विचारलं, "अहो, तुम्ही करता तरी काय?" आणि हे गाफील, खरं बोलून गेले. टेबल गप्प झालं. त्या गृहस्थांनी हात सोडला, पुढ्यातल्या कागदी रुमालाला पुसला, आणि पावसापाण्याचं बोलायला लागले. भिडस्त त्या दिवशी गोड न खाताच उठले. आता मला विचाराल तर त्या गृहस्थांच्या कानाखाली वाजवायला हवी होती. पण भिडस्तांनी वेगळाच धडा घेतला. त्यांच्या मनाने घेतलं की आपण कुठे बसतो ते कळलं की लोकांचं हसू मरतं. आणि लोक हसले नाहीत तर भिडस्तांपाशी उरतं काय, खिडकी.

मासिकात ही भीती चार-पाच वर्षं झाकून राहिली. मग संपादकांच्या डोक्यात वार्षिक अंकाची टूम निघाली. अंकाच्या शेवटी लेखकांचा परिचय छापायचा. कोण कुठून आलंय, काय करतं, सगळं. "पण आपला परिचय आपण लिहायचा नाही," संपादकांनी जाहीर केलं. "माणूस स्वतःबद्दल एक तर फुगवून लिहितो, नाही तर लाजून. प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामाच्या जागी जायचं, त्याच्याबरोबर चहा प्यायचा आणि दोन ओळी लिहून आणायच्या."

भिडस्तांच्या वाट्याला लिफ्टवाला कवी आला. भिडस्तांनी त्याला टाळायची पराकाष्ठा केली. आज काम आहे, उद्या साहेब येणार आहेत, त्यापेक्षा घरीच या ना. पण लिफ्टवाला लिफ्टच्या बोळकांडीत तासन्‌तास लोंबकळणारा माणूस, त्याला धीर होता. एका सकाळी तो थेट खिडकीपुढे उभा राहिला. त्याने सगळं पाहिलं, चहा प्यायला, मान हलवली आणि गेला. 'हे छापू नकोस रे' एवढं चार शब्दांचं वाक्य भिडस्तांच्या ओठांवर आलं होतं. पण भीड आडवी आली आणि ते आतच राहिलं.

त्यानंतर अंक येईपर्यंत भिडस्तांचं अन्नावर लक्ष नव्हतं. बायकोने दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा फटकारलं. "अहो, चोरी केलीय का? लोकांना कळलं तर कळलं. मी नाही का तुमच्याबरोबर नांदत?" भिडस्त म्हणाले, "तू माझ्या विनोदांना हसतेस कुठे?" यावर ती हसली, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

अंक आला. भिडस्तांनी शेवटची पानं उघडली, एक डोळा मिटून. त्यांच्या नावाखाली लिहिलं होतं: 'लहान मुलांना पोहायला शिकवतात. पाण्याला घाबरणारं मूल आलं की आधी त्याला काठावर बसवून गप्पा मारतात, पाण्याचं नावही काढत नाहीत.'

त्यांनी पुन्हा वाचलं. मग दुसरा डोळा उघडून वाचलं. भिडस्तांना अंघोळीच्या बादलीपलीकडे पाण्याची ओळख नव्हती. त्यांनी पान उलटलं. भुताच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईंच्या नावाखाली होतं: 'स्मशानभूमीच्या कचेरीत खिडकीवर बसतात. आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, मग नाव.'

भिडस्तांचा जीव भांड्यात पडला. ते घरभर फिरले, बायकोला अंक दाखवला, आणि दुपारी दोन वेळा वाढून घेऊन जेवले.

आठवड्याभराने एका संध्याकाळी संपादकांचा फोन आला. आवाज पार पडलेला. "भिडस्तराव, माती खाल्ली हो मी. परिचयाचा कागद ज्याचा त्याच्या खणात टाकत होतो. कानातला नाकात गेला आणि नाकातला कानात. औषधं विकली तेव्हा असं कधी झालं नाही. आणि जुळलंही असं की कुणाला शंकासुद्धा आली नाही. भुतं लिहिणारी बाई स्मशानातली, लोकांना हसवणारा माणूस पोरांचा मास्तर. वाचक म्हणतात, वाटलंच होतं."

"मग असू दे की," भिडस्त म्हणाले.

"असू दे? पुढच्या अंकात दुरुस्ती छापायलाच हवी."

आयुष्यात पहिल्यांदा भिडस्तांनी हट्ट धरला. छापू नका, काही बिघडत नाही, मला चालतंय. संपादकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला चालतंय हो. बाईंना चालतंय का? त्यांची हरकत नसेल तर माझी नाही. तुम्हीच विचारा."

बाईंचं काय, हे भिडस्तांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या मानेवरचं जोखड उतरलं या आनंदात ते कुणाच्या मानेवर पडलं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते तलावावर गेले.

तलाव आच्छादलेला होता आणि आत आवाज घुमत होता. बाई काठावर शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या होत्या, आडव्या बांध्याच्या, कमरेवर हात. मुलं पाण्यात फळ्या धरून पाय आपटत होती. भिडस्तांनी ओळख सांगितली तशा बाई म्हणाल्या, "या, पोहण्याचे सर. बसा. त्या बाकावर नको, ओला आहे."

भिडस्त ओल्याच बाकावर बसले. "बाई, तुम्हाला त्रास झाला का?"

"झाला थोडा. एका आईने मुलीला वर्गातून काढलं. एका बापाने विचारलं, तिकडून येताना हात धुता ना. मी म्हटलं, अहो, मी दिवसभर क्लोरीनमध्ये असते, माझ्याइतकं स्वच्छ कोण आहे?" बाई हसल्या. भिडस्तांना हसू आलं नाही. तो रुमाल, तो हात, सगळं जसंच्या तसं या बाईंच्या वाट्याला गेलं होतं आणि ते आपण जाऊ देणार होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"पण खरा त्रास वेगळाच," बाई म्हणाल्या. "लोकांचे फोन येतात. मला वाटलं, भुतांचं विचारतील. भुतांचं कुणी विचारत नाही हो. आपापल्या गेलेल्या माणसांचं सांगतात. एक जण अर्धा तास आपल्या भावाबद्दल बोलला. मला काय बोलायचं कळेना, मी नुसतं हं हं केलं. पाय सरळ ठेव रे!" शेवटचं वाक्य पाण्यातल्या एका मुलाला होतं. "आणि काल एक बाई म्हणाली, खिडकीवर तर पुरुष होते. मी म्हटलं, बरोबर, आमची अदलाबदल झालीय. तर म्हणाली, मला त्यांच्याशीच बोलायचंय. न विचारता तुमचा नंबर कसा देणार? आता आलाच आहात तर लावून देते."

भिडस्त नको म्हणणार, तोवर बाईंनी फोन लावून त्यांच्या हातात दिलासुद्धा.

पलीकडची बाई तरुण वाटत होती. "तुम्हाला आठवणार नाही," ती म्हणाली. "मी आणि माझे बाबा आलो होतो, आईला घेऊन. आईचा चष्मा तिच्याबरोबर जाऊ द्या, असं बाबांनी धरून ठेवलं होतं. काच आणि धातू आत चालत नाही, तुम्ही सांगितलंत. बाबा ऐकेनात. चष्म्याशिवाय तिला मी दिसणार कसा, एकच घोषा."

"मग?" भिडस्तांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"तुम्ही बाबांना विचारलंत, काका, घरात तुम्ही काय करताय ते काकूंना चष्मा लावूनच कळायचं का? बाबा जरा थांबले. म्हणाले, छे, ती आतल्या खोलीत असायची आणि मी साखरेच्या डब्याला हात लावला की तिथून ओरडायची. तुम्ही म्हणालात, मग चष्मा तुम्हीच ठेवा, त्यांचं तुमच्यावाचून अडेल पण चष्म्यावाचून अडणार नाही. आणि बाबा हसले हो. त्या दिवशी. तिथे. मला वाटलं होतं, बाबाही हातचे गेले."

भिडस्तांना आता ते म्हातारे आठवले. शर्टाची बटणं चुकीची लावलेले.

"तो चष्मा त्यांनी साखरेच्या डब्यावर ठेवलाय," मुलगी म्हणाली. "तेव्हापासून डबा उघडलेला नाही. रक्तातली साखर उतरलीय, डॉक्टर विचारतात, काय उपाय केलात? तुमचे आभार मानायचे राहिले होते. तुम्ही त्या मासिकात काय लिहिता?"

"विनोदी," भिडस्त म्हणाले.

"हां," ती म्हणाली, जसं काही त्यांनी तिला ठाऊक असलेलंच सांगितलं होतं.

फोन परत देताना भिडस्तांचे डोळे भरले होते. तलावावर सगळ्यांचेच डोळे लाल असतात, त्यामुळे ते खपून गेलं. बाईंनी विचारलं, "तुम्ही काही तरी सांगायला आला होता ना?" भिडस्त म्हणाले, "माफी मागायला आलो होतो." तसे ते आले नव्हते, पण मागितली मात्र मनापासून. मग बाहेर येऊन, ओली पँट सावरत, त्यांनी संपादकांना फोन लावला.

"दुरुस्ती छापा," ते म्हणाले. "बाईंची पोहण्याची, माझी स्मशानाची. लिफ्टवाल्याने लिहिलीय तश्शी. आणि खाली खिडकीच्या वेळा टाका."

"वेळा?" संपादक गोंधळले. "अहो, तिथे तुम्हाला भेटायला कोण येणार?"

"येतात की," भिडस्त म्हणाले. "एकदा तरी सगळेच येतात."

पलीकडे शांतता पसरली. ही शांतता भिडस्तांच्या ओळखीची होती. त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला, आणि मग संपादक हसायला लागले. आधी घशात, मग पोटातून, मग खोकला येईपर्यंत. मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, काय झालं म्हणून. संपादकांनी तिला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि तीही हसली.