चुनीचा सातवा भाग

सुगत सरवदे याचं जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी, नांदेडच्या एका खासगी रुग्णालयात डायलिसिस सुरू असताना निधन झालं. वय एक्केचाळीस. रक्तदाब उतरला, तो पुन्हा वर आला नाही. मला लातूरला त्याच्या थोरल्या बहिणीचा, मायाअक्कांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "सुगत गेला. आन् त्याचं शेवटचं तेवढं राहिलं बघा..." काय राहिलं, हे विचारावं लागलं नाही. 'चुनी' या त्याच्या अल्बमचे सहा भाग तयार होते. सातवा झाला नव्हता.

सुगत आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवायचा. आमची ओळख नांदेडच्या कॉलेजातली. तो जे संगीत करायचा त्यात सूर नसे, ठेका नसे, शब्द नसत. यंत्रांचे आवाज, विजेची गुणगुण, पत्र्याची थरथर हेच त्याचं साहित्य. देशात आणि बाहेर असं संगीत करणारे आणि ऐकणारे थोडे लोक आहेत, ते इंटरनेटवर एकमेकांना ओळखतात. तो राहायचा त्या मुदखेडमध्ये त्याला ओळखणारे बहुतेक जण याला कटकट म्हणत. अक्का म्हणत, "घरात मिक्सर हाय, तो ऐक की. फुकटात अल्बम." त्याने खरोखरच मिक्सर रेकॉर्ड केला आणि अक्कांना ऐकवला. त्या हसल्या, पण शेवटपर्यंत बसून ऐकलं.

'चुनी' हा मात्र थट्टेचा विषय नव्हता. लातूरच्या ज्या डाळमिलमध्ये त्याचे वडील आयुष्यभर हमाल होते, ती बंद होणार होती. वडील गेले होते. मालकाने ओळखीखातर सुगतला आत येऊ दिलं. मिल बंद पडेपर्यंत तो दर रविवारी मुदखेडहून लातूरला येत राहिला. तूर भरडून डाळ निघते आणि खाली बारीक कणी आणि टरफलं उरतात. ती चुनी ढोरांच्या खाद्यात जाते. अल्बमचं नाव त्यावरून. रचना त्याने मिलच्या पद्धतीने बांधली. डाळमिल सुरू करताना शेवटचं यंत्र आधी चालू करतात, मग त्याच्या मागचं, आणि तूर पडते ते तोंड सगळ्यात शेवटी. पुढची यंत्रं थांबलेली असताना मागून माल आला तर सगळं तुंबतं. म्हणून 'चुनी'चा पहिला भाग पोती भरण्याच्या जागेचा होता आणि तिथून तो एकेक यंत्र मागे जाणार होता. भाग सात.

त्याची एक सवय होती. यंत्र चालू होण्याआधी तो तर्जनी वर करायचा. तिथे असलेल्या प्रत्येकाने जागच्या जागी थांबायचं. मग मिनिटभर तो रिकामी जागा रेकॉर्ड करायचा आणि त्यानंतरच मान हलवून ऑपरेटरला खूण करायचा. रिकाम्या जागेत काय ऐकतोस, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, आवाज कुठे उभा आहे ते कळायला पाहिजे.

मूत्रपिंडं निकामी होत असल्याचं त्या रेकॉर्डिंगच्या काळातच कळलं. तो अक्कांकडेच राहत होता. मुदखेडहून रेल्वेने नांदेडला डायलिसिसला जाणं सुरू झालं. अक्का स्वतःचं मूत्रपिंड द्यायला तयार होत्या, तपासण्या झाल्या, जुळलं नाही. दुसरं कोणी नव्हतं. सुगतने त्यानंतर आजाराविषयी बोलणं जवळजवळ बंद केलं. 'चुनी' आपल्या हातून पुरा व्हावा, एवढंच तो बोलायचा. तोवर मिल बंद झाली होती, यंत्रं भंगारात गेली होती. जे होतं ते एका हार्ड डिस्कवर होतं. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, म्हणून तिथल्या फाइली त्याने काढून टाकल्या होत्या.

ती डिस्क त्याने रफिकभाईंना दिली. रफिकभाईंचा नांदेडमध्ये लहानसा स्टुडिओ आहे. भीमगीतं, कव्वाल्या, निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा तिथे रेकॉर्ड होतात. सुगतवर त्यांचा जीव होता, त्याची टिंगलही ते सर्वांत जास्त करत. "सर, आर्धा तास झाला, म्युझिक अजून आलंच न्हाई," असं ते प्रत्येक वेळी म्हणत. या वेळी काम एवढंच होतं की सगळ्या फाइलींमधली आवाजाची पातळी सारखी करायची. पण त्याच आठवड्यात सुगत छातीत पाणी झाल्याने दवाखान्यात भरती झाला, आणि तो घरी येईपर्यंत काम तयार ठेवावं, असं रफिकभाईंनी ठरवलं. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गायकाची एकच मागणी असते: मागची घरघर काढा. त्यांनी ती काढली. डाळमिलची घरघर. आणि फाइली त्याच नावांनी, जुन्यांवरच साठवल्या.

सुगत डिस्क घ्यायला गेला तेव्हा मी बरोबर होतो. रफिकभाई खुशीत होते. म्हणाले, "सर, सगळी खरखर काढून टाकली. आता ऐका, एकदम काचेवानी."

सुगतने हेडफोन लावले. एक फाइल ऐकली, दुसरी ऐकली, मग यंत्रांच्या सगळ्या उघडून पाहिल्या. यंत्रांच्या जागी पाण्याखालून कोणी गुळण्या कराव्यात तसा काही आवाज उरला होता. मूळ फाइली आहेत का, असं त्याने विचारलं. रफिकभाईंना तेव्हा समजलं. ते खुर्चीतून उठले आणि उभेच राहिले... सुगत त्यांच्यावर ओरडला नाही. जिना उतरताना त्याला दोनदा बसावं लागलं.

पुढच्या रविवारी तो लातूरला आला. नको म्हटलं तरी मिलवर जायचं म्हणाला. पत्र्याची शेड रिकामी होती. जमिनीत यंत्रांचे बोल्ट तेवढे राहिले होते. त्याने रेकॉर्डर बाहेर काढला, तर्जनी वर केली आणि मग बराच वेळ ती खाली घेतली नाही. शेवटी रेकॉर्डर तसाच पिशवीत ठेवला. म्हणाला, "बापाचा आवाज ऱ्हायलाच नव्हता माझ्याकडं. ह्योच होता."

त्यानंतर काही आठवडे त्याने काम केलं नाही. फोन घेत नव्हता. एकदा डायलिसिसला जायचंच नाही म्हणाला. अक्कांनी रिक्षा दारात उभी करून हाताला धरून नेलं.

डिस्कवर आणखी काही फाइली होत्या, हे रफिकभाईंनीच अक्कांना फोन करून सांगितलं. त्या कोऱ्या दिसल्या म्हणून त्यांनी हात लावला नव्हता. ती यंत्रांआधीची रिकामी मिनिटं होती. सुगतने ती मिनिटं घेतली आणि त्यांची पातळी वाढवत नेली, इतकी की पत्र्याचं तापणं, तारांमधली वीज, कोपऱ्यातल्या कुणाचा तरी श्वास, लांबच्या रस्त्यावरचा ट्रक हे सगळं एकमेकांत मिसळून प्रचंड गर्जना झाली. त्या गर्जनेत यंत्र एकही नाही. हे काम त्याने डायलिसिसच्या खाटेवर केलं. एक हात सुयांमुळे हलवायचा नाही, दुसऱ्या हाताने लॅपटॉप. क्रम तोच ठेवला, शेवटाकडून सुरुवातीकडे. सहा भाग असे झाले. तूर पडते त्या तोंडाचं रिकामं मिनिट मात्र डिस्कवर नव्हतं. ते तोंड रेकॉर्ड केलं त्या दिवशी तो पोचण्याआधीच मिल चालू झाली होती. सातव्या भागासाठी तो मुदखेडमधली आपली खोली रेकॉर्ड करणार होता. दर वेळी डायलिसिसहून घरी परतल्यावर अंगात त्राण नसे. उद्या करू म्हणायचा.

तो गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात रफिकभाई मुदखेडला आले. मीही गेलो. खोलीत खाट, टेबल आणि भिंतीवर आई-वडिलांचा फोटो आहे. रफिकभाईंनी सुगतचाच रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि सवयीने पंखा बंद करायला बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," अक्का म्हणाल्या. "त्यो आसला की पंखा चालूच आसायचा."

रफिकभाईंनी हात मागे घेतला. तर्जनी अक्कांनी वर केली. मिनिट संपेपर्यंत कोणी हललं नाही.

'चुनी' जुलैमध्ये इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. सहाही भाग सुगतने ठेवले तसेच आहेत. सातवा भाग म्हणजे त्या खोलीचं एक मिनिट, पातळी न वाढवता. त्यात पंख्याची घरघर पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.