कळवून मोजलेली विहीर

न कळवता कुणाच्या दारात जाऊ नये, हे आमच्या घरी इतकं पक्कं होतं की सख्ख्या मावशीकडेसुद्धा आधी पोस्टकार्ड टाकल्याशिवाय आम्ही कधी गेलो नाही. बाबा केंद्र सरकारात नोकरीला, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर, मूळ गाव विदर्भात. "अचानक गेलं की समोरचा माणूस ओशाळतो," ते म्हणायचे. "घरात साखर नसली तर ती नाही हे त्याला झाकता आलं पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची." हा संस्कार मी इमानेइतबारे नोकरीत नेला आणि तिथे काय करून ठेवलं, ते सांगते.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. मी दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत होते. शाश्वत विकास हा शब्द तेव्हा नवीन होता. नातेवाईक विचारायचे, म्हणजे नक्की करता काय? मी सांगायची, विहिरी मोजते. ते हसायचे आणि मला राग यायचा, कारण ते अक्षरशः खरं होतं. गुडगावच्या बाजूला तेव्हा भराभर शेतं विकली जात होती. मोहरीच्या पिकात कॉलन्यांच्या पाट्या उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक कॉलनी जमिनीत बोअर मारून पाणी उपसत होती. त्याने शेजारच्या गावांच्या विहिरींचं काय होतंय, हे बघायचं काम आमच्याकडे होतं. अकरा गावं, प्रत्येक गावातली पिण्याच्या पाण्याची एक विहीर, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा. वजन बांधलेली पोलादी टेप आत सोडायची आणि पाणी किती खोल लागलं ते वहीत लिहायचं. बस, एवढंच.

जाण्याआधी आठ दिवस प्रत्येक सरपंचाला पत्र जायचं. ही पद्धत मी सुरू केली. माझ्याआधीचे लोक जीप घेऊन सरळ धडकायचे, मला ते उद्धटपणाचं वाटायचं. आमच्या संचालकांना, म्हणजे सरांना, ती पत्रं फार आवडली. गावाचा मान कसा राखावा म्हणून भर मीटिंगमध्ये त्यांनी माझं उदाहरण दिलं होतं. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू.

त्या अकरातलं एक गाव एका नव्या कॉलनीच्या अगदी भिंतीला लागून होतं. कॉलनीला आणखी चार बोअर मारायचे होते आणि परवानगी जिल्ह्याची एक समिती देणार होती. समितीसमोर कागद एकच, आमचा अहवाल. दोन वर्षांत चार वेळा मी ती विहीर मोजली होती आणि पाणी जवळजवळ जिथल्या तिथे होतं. याचा अर्थ सरळ होता, की बोअर मारायला हरकत नाही. बैठक शुक्रवारी होती. मंगळवारी सर म्हणाले, मुखपृष्ठाला विहिरीचा एखादा बरा फोटो आण. फोटोच तर काढायचा, म्हणून मी पत्रबित्र काही पाठवलं नाही. कॅमेरा आणि सवयीने टेप पिशवीत टाकली आणि हरियाणा रोडवेजची बस पकडली.

विहिरीवर बायका होत्या. दोर आत जात होता, जातच होता. वर आलेल्या बादलीत गढूळ पाणी होतं, तेही तळाला. मला आधी वाटलं, मी चुकून दुसऱ्याच विहिरीवर आले. मग काठावरची माझीच लाल रंगाची खूण दिसली. मी टेप सोडली. टेपचं वजन वर आलं ते चिखलाने माखून.

मोजणी झाली की दर वेळी मी एका घरी चहा प्यायची. त्या घरातल्या बाईला मी चाची म्हणायची. तिने मला हाताला धरून घरी नेलं, खाटेवर बसवलं आणि काही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. "तू चिट्ठी भेजती है ना, बेटी." पत्र आलं की सरपंच आदल्या दिवशी आपल्या शेतातल्या ट्यूबवेलचा पाइप आणून विहीर भरून ठेवायचा. पाहुणी दिल्लीहून येणार, तिला काय सुकी विहीर दाखवायची? घर सारवतात, तसं ते. सरपंचाने आपली जमीन त्याच कॉलनीला विकली होती हे मला माहीत होतं. त्याचं कारण वेगळं असणार. पण चाचीचं कारण तिने आवाज खाली आणून सांगितलं. तिच्या एकुलत्या एका मुलाची सोयरीक ठरली होती. "सूखे कुएँ वाले गाँव में कोई बेटी नहीं देता." मुलीकडचे बघायला आले तेव्हाही हाच पाइप लावला होता. महिन्याभरात लग्न होतं. तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, कुणाला बोलू नकोस. मी मान हलवली.

परतीच्या बसमध्ये माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि राग काढायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. दोन वर्षं मी त्या गावात चहा प्यायले होते आणि माझे आकडे कशासाठी आहेत हे एकदाही त्या बायकांना सांगितलं नव्हतं. त्यांना वाटायचं, दिल्लीची मुलगी विहीर बघायला येते. त्यांनी विहीर दाखवली.

बुधवारी मी सरांना सांगितलं. विहीर भरली जाते एवढंच सांगितलं, कुणी सांगितलं ते नाही.  सर म्हणाले, "पत्रं तर अकराही गावांना जायची ना?" मी हो म्हटलं. दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. "छपाई मी थांबवतो," ते म्हणाले, "पण शुक्रवारी तू बोलायचंस. मोजलंस तू." मला ते क्रूर वाटलं. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर तेही तेवढंच बोलले, "मग आता सांगावं तर लागेलच." चाचीला दिलेल्या शब्दाबद्दल मी त्यांना विचारलं. ते पेपर वाचत बसले.

शुक्रवारी सरपंच समितीसमोर कॉलनीच्या इंजिनिअरच्या शेजारी बसला होता. मी उभी राहिले आणि सांगितलं, की आमचे चारही आकडे चुकीचे आहेत, मोजणीच्या आदल्या दिवशी विहीर भरली जात होती, मंगळवारी मी न कळवता गेले तेव्हा ती कोरडी होती. इंजिनिअर हसला. "दोन साल गलत, और एक मंगलवार सही?" सरपंच गोड आवाजात म्हणाला, मॅडमना गैरसमज झालाय. समितीचे प्रमुख अधिकारी वैतागले होते. त्यांनी पुरावा मागितला. मी म्हटलं, "सर, आत्ता चला. कुणाला न कळवता." वाटलं, हाकलून देणार. पण त्यांनी घड्याळ बघितलं, जीप मागवली आणि सरपंचाला आपल्याच शेजारी बसायला सांगितलं. इंजिनिअर आणि मी मागे बसलो.

मी टेप सोडली. पुन्हा चिखल. अधिकाऱ्यांनी वाकून बघितलं. सरपंच डगमगला नाही. हिवाळ्यात पाऊस झाला नाही, म्हणून आत्ताच आटलीय, येईल पाणी, असं म्हणाला. पाइप कुणी बघितला का, विचारा गावाला. पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणी नाही बघितला. अधिकारी माझ्याकडे वळले. "एक रीडिंग के सामने आपकी ही चार रीडिंग हैं. आपको बताया किसने?"

चाची विहिरीच्या पलीकडे चार बायकांत उभी होती, हनुवटीपर्यंत घुंघट ओढून. तिचं तोंड दिसत नव्हतं, पण ओढणी मी ओळखली. तिचं नाव घेतलं तर तिच्या मुलाचं लग्न गेलं. नाही घेतलं तर चार बोअर आले, आणि ही विहीर कायमची गेली. मी म्हटलं, "किसी ने नहीं. मैं खुद समझ गई." इतकं लंगडं वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन. अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण लावलं आणि ते जीपकडे निघाले.

"भरते थे."

घुंघटातून आवाज आला. त्या गावात सून, मग ती कितीही वयाची असो, मोठ्या पुरुषांसमोर बोलत नाही, बोलायचंच झालं तर शेजारणीच्या कानात सांगते. चाची मोठ्याने बोलली. "चारों बार भरा. पाइप मैंने पकड़ा था." सरपंच तिच्यावर खेकसला. ती हलली नाही. घुंघट तसाच ठेवून तिने पाइप कुठून यायचा, कुठल्या बांधावरून, तेही हात करून दाखवलं. अधिकाऱ्यांनी पेन पुन्हा उघडलं आणि तिचं नाव विचारलं. तिने नवऱ्याचं नाही, स्वतःचं नाव सांगितलं.

बोअरची परवानगी नाकारली गेली. सोयरीक पंधरा दिवसांत मोडली. मुलीकडच्यांनी फक्त निरोप पाठवला, आम्ही ऐकलं म्हणून. मला हे पुढच्या मोजणीला गेल्यावर कळलं. चाचीने चहा दिला, पण ती माझ्याजवळ बसली नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तूने तो नाम नहीं लिया था." ती मला दिलासा देत होती की डागण्या, हे मला आजही ठरवता येत नाही.

अहवाल पुन्हा लिहिला तो मीच. विहीर भरली जात होती, ही माहिती कुठून मिळाली हे तळटीपेत द्यायचं होतं. तिचं आणखी नुकसान नको, असं मी सरांना सांगितलं आणि तिथे लिहिलं, 'स्थानिक रहिवाशांकडून समजले.' ज्या बाईने अख्ख्या गावासमोर स्वतःचं नाव सांगितलं होतं, तिचं नाव मी खोडलं. मुखपृष्ठाच्या आत माझं मात्र पूर्ण नाव छापून आलं, आडनावासकट.