तोंडाने काढलेला आवाज

मिस्त्रींच्या गॅरेजात बॉनेट उघडण्याआधी गाडीवाल्याला स्वतःचं तोंड उघडावं लागे. "आवाज कसा येतो ते काढून दाखवा," ही पहिली अट. मग वकील, डॉक्टर, एकदा तर एक निवृत्त न्यायाधीश, रस्त्यालगत उभे राहून गाल फुगवत आणि खर्र, घर्र, टिकटिक करत. मिस्त्री डोळे मिटून ऐकत आणि दुखणं सांगून मोकळे होत. पंचवीस वर्षांत आपण चुकलो नाही, असं त्यांचं मत होतं. ज्यांच्या बाबतीत चुकले ती माणसं परत येत नसत, त्यामुळे मताला धक्का लागायचा प्रश्न नव्हता.

त्या दिवशी सकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला.

"बारक्या, इंजिनातून काहीतरी वाजतंय रे." मिस्त्री बावन्न वर्षांचे, डोकं पिकलेलं, पण ताईच्या लेखी बारक्याच.

"कसं वाजतंय? काढून दाखव."

"टकटकटकटकटक. चढाला जरा वाढतं. निघू ना? छकुली केव्हाची गाडीत जाऊन बसलीय." छकुली म्हणजे ताईची चार वर्षांची नात.

"टॅपेट आहे गं. इंजिनाच्या वरच्या अंगाला असतं ते, हलकं वाजतं. काही होत नाही त्याने. ये बिनधास्त, इथे बघतो."

ताई निघाली. दोन तासांचा रस्ता, मध्ये लांबलचक उतार आणि उतारावर ट्रकच ट्रक.

अर्ध्या तासाने एक म्हातारे गृहस्थ गाडी घेऊन आले. जन्मभर ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलेलं. घाई हा शब्द त्यांनी फक्त वाचला असावा. गाडी बंद करून ते उतरले, उभे राहिले.

"ठक," म्हणाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठक."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. असा जड, सावकाश ठोका म्हणजे इंजिनाच्या तळातलं बेअरिंग. ते पुरतं गेलं की आतला दांडा मोकळा आपटतो आणि धावत्या गाडीचं इंजिन एकाएकी जागच्या जागी आवळून बसतं.

"आजोबा, हिला आता हलवायचं नाही," असं म्हणत त्यांनी खात्रीसाठी किल्ली फिरवली. इंजिन वरच्या वर, शिवणयंत्रासारखं टिकटिकटिकटिक करू लागलं. अगदी साधं टॅपेट.

"हाच आवाज?"

"हाच की. मी काय वेगळा काढला?"

मिस्त्री पाना हातात धरून उभे राहिले. माणूस इंजिनाच्या चालीने आवाज काढत नाही, स्वतःच्या चालीने काढतो, एवढी साधी गोष्ट त्यांना पंचवीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. आणि ताई? ताई बोलायला लागली की पूर्णविरामाला बसायला जागा नसते. घड्याळाचे ठोकेही ती अशी भरभर मोजते, की घड्याळाच्या आधी बाराला पोचते. शिवाय ती म्हणाली होती, चढाला वाढतं. टॅपेटला चढ-उतार कळत नाही. बेअरिंगला कळतो.

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शपथ त्यांनीच तिला घातली होती. धाकट्या भावाचं तिने जन्मात ऐकलेलं ते एवढंच.

वरच्या मजल्यावरून बायको चहा घेऊन खाली आली. "अहो, काय झालं? तोंड पांढरंफटक पडलंय."

"काही नाही."

"काही नाही कसं? पाना पायावर पडला तुमच्या, तरी हूं की चूं नाही."

त्यांनी खाली पाहिलं. पाना खरंच पायावर होता. तिला सांगताना त्यांची जीभ दोनदा अडखळली. ती चहा तिथेच ठेवून स्वतःच्या फोनवरून ताईला लावत बसली.

तिला वाटेत गाठायला जावं, तर गावात शिरायचे रस्ते दोन, चुकामूक व्हायची. म्हणून मिस्त्री फाटकात उभे राहिले. उतार डोळ्यांपुढून हलेना. मागच्या सीटवर छकुली, पुढे ताई, मागून भरलेला ट्रक, आणि मधेच थिजलेलं इंजिन. दोन तास झाले. वर वीस मिनिटं झाली. दर येणाऱ्या गाडीला ते दोन पावलं पुढे होत आणि परत मागे येत.

गाडी दिसायच्या आधी वळणापलीकडून आवाज आला. ठक. ठक. ठक. कुणीतरी घण घालत यावं तसा.

मिस्त्री दोन्ही हात पसरून रस्त्यात धावले. "बंद कर! आधी बंद कर!"

"अरे हो हो, मरशील गाडीखाली!" ताईने किल्ली फिरवली. छकुली मागे तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

त्यांनी गाडी ढकलत आत घेतली आणि तेल सोडलं. तसराळ्यात काळं तेल उतरलं. त्यात धातूचा रुपेरी चुरा चमकत होता. 

"टॅपेटच ना रे?" ताई म्हणाली. "उतारावर नव्वदने आले बघ. म्हटलं, बारक्या बोललाय म्हणजे घोर नाही."

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. तेलातला चुरा बघून ओळखणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "बेअरिंग गेलंय. उतारावर इंजिन बसलं असतं. माझं चुकलं, ताई."

ताईने तसराळ्याकडे बघितलं, मग मागच्या सीटकडे. "नव्वदने," ती हळूच म्हणाली. मग दार उघडून तिने झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेतलं. पोर दचकून जागी झाली, रडायला लागली, खाली सोड म्हणून लाथा झाडू लागली. ताईने सोडलं नाही.