नाशिकची की सांगलीची?

खांदा कॉलनीतल्या छोट्या प्रयोगशाळेत किशोरी स्पेक्ट्रोमीटरसमोर बसली होती आणि पाठीशी कुंदनभाऊ. मुंबईतल्या वाईन व्यापाऱ्याचा हा माणूस बिननावाच्या पांढऱ्या वाईनच्या बाटल्या घेऊन आला होता. कोणती नाशिकची, कोणती सांगलीची, एवढंच तिने ओळखायचं. ओळखलं, तर व्यापाऱ्याचं कायमचं काम मिळणार. नाहीतर प्रयोगशाळेचे मालक प्रभाकर सर मशीन विकणार होते. तसं त्यांनी तोंडावरच सांगितलं होतं.

वाईनमधून प्रकाश सोडला की कुठला रंग किती अडला, त्याची रेघ पडद्यावर उमटते. मातीगणिक, हवेगणिक तिची चाल बदलते. ती चाल ओळखायला शिकण्यात उरणच्या या कोळ्याच्या लेकीची दोन वर्षं गेली होती.

आज मात्र प्रत्येक रेघ एकाच जागी कुबड काढून उभी!

"सगळ्या एकाच गावच्या का हो मॅडम?" कुंदनभाऊ म्हणाला. "मग सांगलीला मी स्वप्नात गेलो होतो?"

"थांबा जरा. पुन्हा लावते."

पुन्हा तेच. कुंदनभाऊ उठला, त्याने बाटल्यांवर गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि "आता वाचा," म्हणून चालता झाला.

चिडून किशोरीने वाईन भरून मशीनमध्ये ठेवायची काचेची चौकोनी कुपी खिडकीशी धरली. काचेवर पुसट पिवळं बोट.

खंडेनवमीला बाबा होडीच्या इंजिनाला हळदकुंकू लावायचे, तशी तिने परवा मशीनची पूजा केली होती. मशीनला झेंडूची माळ. पण खरं हत्यार तर कुप्याच, म्हणून प्रत्येकीला मनोभावे बोट. सकाळी नळाखाली धुतल्या. कुंकू गेलं. हळद पाण्याला कुठे दाद देते? प्रत्येक रेघेतलं ते कुबड तिचंच.

तिने कुप्या स्पिरिटने पुसल्या आणि सगळ्या वाईन पुन्हा लावल्या. नाशिक एकीकडे, सांगली दुसरीकडे, लख्ख.

प्रभाकर सरांनी येऊन पडद्यावरची एकेक रेघ चिठ्ठीशी ताडून पाहिली. "बरोबर आहे गं. पण आता नावं तुला माहीत आहेत. कोण मानणार?"

"त्यांना सांगा, चूक माझी. नव्या बाटल्या आणा म्हणावं."

सरांनी कुंदनभाऊला फोन लावून हळदीचं सांगितलं. पलीकडचं हसू किशोरीलाही ऐकू आलं.

"पुढच्या वेळी लिंबू-मिरची पण बांधा म्हणतो," सर फोन ठेवत म्हणाले आणि मशीन विकत मागणाऱ्याचं कार्ड शोधायला खण उघडला.

किशोरीने पडदा बंद केला नाही. त्या सुरेख रेघा बघायला आता तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.