ठाकुरद्वारपर्यंतचा इतिहास

अक्का, मी निघाले त्या सकाळी बेळगावच्या स्टेशनवर अप्पा माझ्या ट्रंकेवर बसून राहिले होते. गाडी लागली तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "मुंबईत खोल्यांच्या भिंती पातळ असतात म्हणे. हळू बोल तिथं." जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला मुलगी मुंबईला मास्तरीण होऊन जाताना एवढंच सुचलं. तेव्हा बेळगाव आणि गिरगाव एकाच मुंबई राज्यात होती. आपण परगावी जातोय असं वाटलं, परक्या राज्यात नाही.

गिरगावातल्या मुलींच्या शाळेत मला नववीचा इतिहास मिळाला. पुस्तकात जर्मनीतल्या ज्यूंच्या कत्तलीवर चार ओळी होत्या. मी त्यावर अख्खा तास घ्यायची. दुकानं कशी फोडली, शेजारपाजारच्या माणसांना दिवसाढवळ्या कसं नेलं, आणि खिडक्यांतून लोक कसे बघत राहिले. मग विचारायची, "त्या शेजाऱ्यांनी काय करायला हवं होतं?" पहिल्या वर्षी सगळ्या मुलींचे हात वर. मधे पडायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, लपवायला हवं होतं. मलाही बरं वाटायचं. आपण शहाण्या मुली घडवतोय असं.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. मोर्चे, हरताळ, संचारबंदी आणि गोळीबार. आमच्या वर्गातल्या कुमुदचा मामा, विष्णू, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. मोर्चात गेलेलाही नव्हता. शाळेजवळच, ठाकुरद्वारच्या चाळीच्या गॅलरीत दोरीवरचे कपडे काढताना त्याला गोळी लागली.

शाळा पुन्हा भरली तेव्हा तोच धडा आला. मी सवयीनं तोच प्रश्न विचारला. एकही हात वर झाला नाही. मग कुमुद उठली.

"बाई, मामा बराच वेळ गॅलरीत पडून होता. कुणी दार उघडलं नाही. खाली गोळ्या चालू होत्या. मीपण आतच होते." मग थांबून म्हणाली, "आमचे शेजारी वाईट नाहीत हो बाई."

 तेवढ्यात मागच्या बाकावरची मीनल रडायला लागली. तिचे वडील पोलिसात. "बाई, माझे बाबा त्या दिवशी ड्यूटीवर होते. ते काही सांगत नाहीत. जेवत पण नाहीत."

मी खडू ठेवून दिला. जर्मनीत झालं ते आणि इथलं एक नाही, हे त्यांना नीट सांगितलं. पण मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला कुणी घाबरू नये, हेही सांगितलं. कुमुदनं मामाचं पूर्ण नाव उच्चारलं. मुली आपण होऊन उभ्या राहिल्या. मीनलही राहिली. कुमुद तिच्याकडे वळून एवढंच म्हणाली, "बस गं आता."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. माणूस दुष्ट नव्हता, थकलेला होता. "बाई, परदेशात जे झालं ते खुशाल शिकवा. ठाकुरद्वारपर्यंत येऊ नका." कुणा पालकाची तक्रार होती. लेखी माफी द्या, प्रकरण मिटवतो, म्हणाले. मी म्हटलं, "सर, नेमकी कशाची माफी लिहू?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. जूनमध्ये मला शाळेत घेतलं नाही.

मग मुंबईतच शीवच्या शाळेत नोकरी लागली. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला राज्यांच्या सीमा बदलल्या आणि बेळगाव म्हैसूर राज्याकडे गेलं. मी घरी आले तेव्हा अप्पा ओट्यावरच होते. म्हणाले, "मी इथंच बसलोय बघ. राज्यच उठून गेलं." तू हसलीस. मला हसू आलं नाही. तुझा बाळू मला 'मुंबईची मावशी' म्हणाला, आणि परतीच्या गाडीत बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढं महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली. शाळेत पेढे वाटले. मीही खाल्ला. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमचं बेळगावही येईल हो." मी मान हलवली. हल्ली मी पुष्कळ गोष्टींना मान हलवते.

इथं मला हिंदी माध्यमाच्या वर्गांचा इतिहास आहे. बऱ्याच मुली फाळणीत आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीतल्या. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला तिचं गाव विचारते. मुली आईबापांकडून ऐकलेली नावं सांगतात. त्यातली अर्धी आता दुसऱ्या देशात. यंदा पुढच्या बाकावरच्या लाजवंतीनं उलट विचारलं, "टीचरजी, आपका गाँव?" मी नाव सांगितलं.

"वहाँ अब भी जा सकते हैं?"

"हाँ. गाडी जाती है."

"आपका घर है वहाँ? वही घर?"

"वही."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला, एखाद्या श्रीमंत बाईकडे बघावं तसा. तीन वर्षं मी घरी आलेली नाही, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.