मामेसासऱ्यांचं धान

नदी बघायला आलेल्या माणसाला आधी धान दाखवणारा यजमान साऱ्या छत्तीसगडात एकच, माझे मामेसासरे. भिलाईच्या प्लांटमधून रिटायर झाल्यावर नागपूरला न परतता त्यांनी अहिवाऱ्याच्या बाजूला नदीकाठी शेत घेतलं. पुढे सुट्टीच्या दिवशी प्लांटच्या कॉलनीतल्या मेटाडोर भरभरून तिथे सहलीला येऊ लागल्या आणि गावाला नवा धंदा सापडला. नांगराचे बैल शिंगं रंगवून मुलांना फिरवू लागले, बांधावर भज्यांच्या टपऱ्या लागल्या, शेतांत गाड्या उभ्या राहू लागल्या. मामाजींचं शेत तेवढं धानाचंच राहिलं. पाहुण्यांना चपला काढायला लावून ते बांधावरून एका रांगेत फिरवत. मधेच एखाद्या अधिकाऱ्याच्या बायकोला विचारत, "तुमच्या डब्यातला भात कोन्या गावचा हाये?" तिला सांगता आलं नाही की फार दयेनं पाहत.

ते मोक्याचं शेत गाड्यांसाठी द्यावं म्हणून सरपंच मागे लागला होता. मीही म्हटलं, "मामाजी, देऊन टाका. या वयात झेपत नाही."

"कावून देऊ? तू तुया पोळ्या पाय. शेताचं मले पाहू दे."

मग एका वर्षी गावात दुसऱ्या कोणीच धान लावलं नाही. प्रत्येकाला वाटलं, शेजारी लावेलच. दसऱ्याच्या सुमाराला नवाखाई आली. गावच्याच मातीतल्या नव्या लोंब्या आधी देवाला वाहायच्या, मगच घरात नवा भात शिजतो. बाजारचं धान चालत नाही. सकाळीच अख्खं गाव मामाजींच्या दारात, पुढे सरपंच.

"कका, बाली देबे का?" त्यानं लोंब्या मागितल्या. मामाजींनी ऐकू न आल्यासारखं करून त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग घरोघरच्या हातात एकेक जुडी ठेवली. सरपंचाची सगळ्यांत मोठी.

"घे. अन् गाड्या कुठं ठेवशील?"

"दुसरीकडे, कका."

प्लांटमधले पुष्कळ सत्कार मी पाहिलेत. त्या दिवशीच्या मामाजींइतका ताठ माणूस एकाही स्टेजवर दिसला नाही.

तेव्हापासून त्या शेताच्या लावणीला घरटी एक माणूस येतो. मामाजींना आता फारसं दिसत नाही. बांधावर खुर्ची टाकून ते कोण कोण आलं विचारतात आणि मी एकेक नाव सांगते. यंदा नावं लवकर संपली.

"अन् आनखी?" त्यांनी विचारलं.

मी पदर खोचला, चिखलात उतरले आणि माझं नाव सांगितलं.